रोहतबाईंच्या गाठोड्यातला साबण

सालोमतच्या घरात साबणाची कधी ददात नव्हती. न्हाणीच्या कोनाड्यात, चुलीमागच्या डब्यात, खुंटीला टांगलेल्या पिशवीत, पाहाल तिकडे साबण. गुलाबी, हिरवे, पांढरे. कुणी निम्मा झिजलेला, कुणी एकदाच पाण्याला लागलेला. यातला एकही तिनं विकत आणला नव्हता. समरकंदच्या जुन्या भागातल्या आमच्या मोहल्ल्यात कुणी बाई वारली की सालोमतला बोलावणं जाई. मयताला न्हाऊ घालून झालं की उरलेला साबण त्या घरात ठेवायचा नाही आणि टाकायचाही नाही, टाकणं पाप. तो न्हाऊ घालणारीचा. रुमाल, जुने कपडे, साबण, शाम्पूची अर्धी बाटली, सगळं एका फडक्यात बांधून तिच्या पुढ्यात ठेवायचं. हातात द्यायचं नाही, पुढ्यात ठेवायचं.

तिच्या आईनं हेच काम केलं, आजीनंही. तोंडावर सगळे तिला ‘सालोमत खाला’ म्हणत, पाठ वळली की ‘मुर्दाशूय’, म्हणजे मुडदे धुणारी. लग्नकार्यात तिला पंगतीला बोलावत नसत. भाताचं ताट घरी पोचतं करत, वर मांसाचा चांगला तुकडा ठेवून, म्हणजे आपलं मन आपल्याला खात नाही. ज्या हातांनी आमच्या आयांना शेवटचं स्वच्छ केलं, त्या हातांनी मोडलेला नान आमच्या घशाखाली उतरत नाही. आम्ही असे आहोत, त्याला आता काय करणार.

खाल्ला तो एकट्या रोहतबाईंनी. त्या शाळेत रशियन शिकवायच्या. सालोमतच्या आणि त्यांच्या अंगणात एक मातीची भिंत. त्यांची सासू वारली तेव्हा सालोमतनं काम उरकलं आणि रिवाजाप्रमाणे अंगणाच्या टोकाला वेगळी चहाला बसली. घरात बायकांचा हा घोळका. रोहतबाई सरळ तिच्याजवळ येऊन बसल्या, तिनं मोडून ठेवलेल्या नानचा तुकडा उचलला आणि चहात बुडवून खाल्ला.

“बाई, लोक बघताहेत,” सालोमत म्हणाली.

“बघू देत. मला भूक लागलीय.”

तेव्हापासून दुपारचा चहा एकत्र. सुरुवातीला ‘बाई, तुम्ही’ असायचं. पुढे ‘तुम्ही’ गळून पडलं, ‘बाई’ तेवढं राहिलं.

रोहतबाईंचं मरणाचं गाठोडं सालोमतला तोंडपाठ होतं. आमच्याकडे बाई साठीकडे झुकली की स्वतःचं गाठोडं बांधून संदुकीत ठेवते: कफनाचं कापड, वाटायचे रुमाल, न्हाऊ घालणारीसाठी ओढणी, आणि साबण. दर वसंतात ते उन्हात घालायचं. रोहतबाईंच्या गाठोड्यात साबणाची एक वडी होती, वेष्टनावर पांढऱ्या घंटांसारखी फुलं. लांदिश म्हणतात त्या फुलांना. बाईंचे यजमान तरुणपणी उत्तरेला फौजेत होते, तिथून त्यांनी ती आणली होती. यजमान गेले, ते सोव्हिएत राज्यही गेलं, वडी राहिली. दर वसंतात रोहतबाई ती नाकाला लावत, मग सालोमतच्या नाकाला लावत.

“अजून येतो बघ वास.”

“येतो की. मेल्यावर तुला कुठं कळणार आहे तो?”

“तुला कळेल ना. मला न्हाऊ घालताना तुझं तरी नाक सुखी होऊ दे. आणि ऐक, मला रबर लावायचं नाही. खालच्या मोहल्ल्यातली ती बाई रबराचे हातमोजे घालून भांडी घासल्यासारखं उरकते, तिला माझ्या उंबऱ्याला पाय लावू द्यायचा नाही. हे गेल्यापासून मला कुणी हात लावलेला नाही गं. डॉक्टर नाडी बघतो तेवढा. शेवटचा हात तुझा पाहिजे. नुसता. दे शब्द.”

“दिला,” सालोमत म्हणाली. त्या वेळी तिचे हात चांगले होते. शब्द द्यायला काही जड गेलं नाही.

मग बोटांच्या बेचक्यात खाज सुरू झाली. आधी तिनं लक्ष दिलं नाही. मेंढीच्या शेपटीची चरबी चोळली, दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं आणि पुन्हा तेच. पुढे कातडी जाड होऊन तडकायला लागली, सांध्यांवर भेगा पडल्या, कणीक मळताना मीठ झोंबून डोळ्यांत पाणी येई. कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं रबरी मोजे घेतले. पहिल्याच घरी मयताची लेक म्हणाली, “मोजे? आमची आई काय घाण होती?” ते तिनं ऐकून घेतलं. पण मोज्यांच्या आत हात असे काही पेटले, की मनगटापर्यंत फोड आले. आगीतून फुफाट्यात. कापडी पिशव्या तर रिवाजाच्याच, त्या हाताला बांधतातच. पण कापडातून पाणी झिरपायचं ते झिरपतंच.

रोहतबाईंनीच तिला ओढत कातडीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, शाहलो नावाची, बोलायला मऊ. तिनं सालोमतचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि उलटेसुलटे करून पाहिले. आपलं काम काय ते सालोमतनं आधीच सांगितलं होतं, तरी तिनं हात घेतले. सालोमत इतकी गोंधळली की पुढचा प्रश्न तिला ऐकूच आला नाही.

“खाला, साबण कुठला वापरता?”

“सगळे,” सालोमत म्हणाली.

“सगळे म्हणजे?”

रोहतबाईंनी समजावून सांगितलं. डॉक्टरणीनं हातांवरच्या भेगा पुन्हा निरखल्या. मग म्हणाली, “म्हणजे कामाच्या जागी रोज नवा, आणि घरी त्या सगळ्यांचे उष्टे. तुमच्या हातांना सुट्टी कधी मिळाली?”

तिनं सालोमतच्या पाठीवर बारक्या बारक्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येकीखाली साबणात, शाम्पूत, मलमात पडणाऱ्या एकेका द्रव्याचा ठिपका. जिथं लाल होईल, तो गुन्हेगार. तोवर पाठ भिजवायची नाही. आणि घरातले साबण एकदा वाचून काढा म्हणाली, वेष्टनं असतील तर.

वेष्टनं होती. सालोमतनं काही टाकलंच नव्हतं. द्राक्षांच्या मांडवाखाली लाकडी तख्तावर तिनं सगळं ओतलं आणि रोहतबाई भिंग घेऊन बसल्या. सगळं रशियनमध्ये, मुंगीएवढ्या अक्षरात.

“ही शाम्पूची बाटली. ऐक. पाणी. पहिलंच पाणी. लोक पैसे मोजून पाणी विकत घेतात.”

“पुढं?”

“पुढं फेसाचं द्रव्य. मग आणखी एक फेसाचं द्रव्य, पहिल्याला सोबत. मग मीठ.”

“मीठ? शोरब्यात घालतो ते?”

“तेच. त्यानं दाट होतं. आपल्याला वाटतं, दाट आहे, म्हणजे भारी आहे. मग हे लांबलचक नाव, टिकवण्याचं औषध. पाणी आलं की नासणं आलं, म्हणून. मग रंग. मग सुगंध.”

“कसला सुगंध?”

“ते नाही लिहिलेलं. नुसतं ‘सुगंध’. वर्गात मी विचारायचे, खिडकी कुणी फोडली? तर सगळी पोरं म्हणायची, ‘वर्गानं’. तसं आहे हे.”

दुसऱ्या बाटलीवर पिकलेल्या जर्दाळूचं एवढं मोठं चित्र, पानासकट. रोहतबाईंनी मागची अक्षरं दोनदा वाचली. जर्दाळूची साल नाही, बी नाही, काही नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तान्ह्या बाळाच्या साबणावर हसरं पोर, आणि खाली तोच शब्द, सुगंध. “हे बघ, पोर हसतंय,” रोहतबाई म्हणाल्या, “त्याला वाचता येत नाही ना.” सालोमत हसून हसून आडवी झाली आणि पाठीवरच्या पट्ट्या आठवून पुन्हा ताठ बसली.

सगळ्यात शेवटी कपड्यांचा तपकिरी साबण हाती आला. विटेएवढा, ओबडधोबड. आमच्याकडे त्यानं फरशी पुसतात, पायमोजे धुतात, कुत्र्याला आंघोळ घालतात. त्याच्या कागदावर रोहतबाईंना वाचायला फार काही मिळालं नाही. चरबीचा खार, पाणी, मीठ.

“संपलं?” सालोमतनं विचारलं.

“संपलं. सुगंध नाही, रंग नाही.” रोहतबाईंनी तो हुंगला आणि तोंड वाकडं केलं. “चरबीचा वास येतो. निदान लपवत तरी नाही.”

त्या दिवशी दोघी जितक्या हसल्या, तितक्या पुन्हा हसल्या नाहीत. निकालाच्या दिवशी रोहतबाईंच्या पायांना सूज होती, चालवेना. सालोमत एकटी गेली.

डॉक्टरणीनं तिची पाठ पाहिली आणि समोर खुर्ची ओढून बसली. “खाला, दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे जाळणं. खार आणि फेसाची द्रव्यं कुणाचीही कातडी कोरडी करतात, भांडी घासणाऱ्या सगळ्याजणींचं होतं ते. हात कोरडे ठेवा, मलम लावा, भरून येतं. दुसरं म्हणजे वैर. तुमच्या कातडीनं एका वासाशी वैर धरलंय. लांदिश माहीत आहे?”

“माहीत आहे.”

“त्या फुलाचा अर्क निघत नाही. कितीही चिरडा, हाती काही लागत नाही. म्हणून तो वास कारखान्यात जुळवतात. त्यातलंच एक द्रव्य तुम्हाला चालत नाही.”

“मग लांदिशचा साबण टाळला की झालं?”

“तिथंच तर गोची आहे. तेच द्रव्य गुलाबाच्या साबणात घालतात, सफरचंदाच्या शाम्पूतही घालतात. कुणी नाव लिहितं, कुणी नुसतं ‘सुगंध’ लिहून मोकळं होतं. आणि लांदिश म्हणून जो विकतात, त्यात तर ते भरपूर. रबराशीही थोडं वाकडं आहे तुमचं, म्हणून मोजे सोसले नाहीत.”

“हे वैर सुटतं कधी?”

“नाही सुटत, खाला. औषधानं आग विझते. वैर राहतं. आणि दर वेळी आधीपेक्षा वाढतं. असंच चालू ठेवलंत तर बोटं मिटायची बंद होतील.”

“मग मी काय करू?”

“हे काम सोडा.”

“सोडलं तर बायकांना न्हाऊ कोण घालणार?”

डॉक्टरणीनं मलम लिहून दिलं, दिवसातून दोनदा, पातळ थर. सालोमत दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आधी हात दुखत होते, कारण माहीत नव्हतं. आता कारण माहीत होतं, आणि त्या कारणाचं काहीही करता येत नव्हतं. मयताच्या घरात जाऊन ‘तुमचा साबण कुठला’ असं विचारायचं? रडणाऱ्या लेकीला सांगायचं, जा, बिनवासाचा घेऊन ये? बरं, स्वतःचा न्यावा, तर मुर्दाशूयचा साबण घरात घेत नाहीत. तो दुसऱ्या मयताला लागलेला असतो, त्याच्या मागून मरण आत येतं म्हणतात. तिनं नवा कोरा नेला असता तरी कुणाचा विश्वास बसला नसता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

“काय म्हणाली?” रोहतबाईंनी अंथरुणातूनच विचारलं.

“कुठल्यातरी वासानं होतं म्हणाली.”

“कुठल्या?”

“लांबलचक नाव होतं. विसरले.”

“तू विसरलीस?” रोहतबाई उठून बसल्या. “कुणाच्या घरची किटली कुठं गळते ते तुला वीस वर्षांनी सांगता येतं.”

“वय झालं, बाई. चहा टाकते.” सालोमत उठून गेली. त्या वडीवर या बाईचा किती जीव होता, ते तिला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर तिला आणखी एक भीती होती. खरं सांगितलं तर रोहत म्हणेल, मग राहू दे तुझा शब्द, त्या खालच्या मोहल्ल्यातल्या बाईला बोलावू दे. ते सालोमतला ऐकायचं नव्हतं.

घरातले सगळे साबण तिनं एका पोत्यात भरून शेडमध्ये टाकले आणि तपकिरी साबण वापरायला लागली. मोहल्ल्यात कुणी मेलं नाही की हात भरून येत. नवी गुलाबी कातडी धरायची, मूठ वळायला लागायची. मग कुणाच्या तरी घरून बोलावणं यायचं आणि ती जायची. पहिल्याच बादलीला गुलाबाचा, नाहीतर सफरचंदाचा वास दरवळला की तिला कळायचं, चार दिवसांनी आपली बोटं कशी दिसणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दोन ठिकाणी तिनं नाही म्हणून पाहिलं. तिथं खालच्या मोहल्ल्यातली आली, आणि लोक म्हणाले, सालोमतला आता ताठा आलाय.

वसंतात रोहतबाईंनी गाठोडं उन्हात घातलं. यंदा सगळं सून करत होती. मोहिरा तिचं नाव, शांत, कामसू, सासूवर जीव टाकणारी पोर. सालोमत आली की ती उभी राहून सलाम करी, चहा ओती, आणि पेला तिच्या हातात न देता तख्ताच्या कडेला ठेवी. तिच्या आईनं तिला तसंच शिकवलं होतं. रोहतबाईंनी वडी हुंगली आणि सालोमतपुढे धरली. सालोमतनं हात मांडीवर ओढणीखाली घेतले आणि लांबूनच मान पुढे केली.

“घे की हातात.”

“मलम लावलंय. तेलकट होईल.”

रोहतबाईंनी तिच्याकडे पाहिलं, ओढणीखालच्या हातांकडे पाहिलं, आणि वडी परत रुमालांवर ठेवली. सालोमतला वाटलं, सुटले.

थंडी पडली तशा रोहतबाई खचल्या. दम लागे, दोन उशांवर टेकून बसत. एका दुपारी नानचा कोर चघळता चघळता म्हणाल्या, “तुझी सोय करून ठेवलीय मी. गाठोड्यात.”

“ओढणी दुसरी ठेवलीस वाटतं? ती हिरवी मला आवडली नव्हतीच.”

“बघशील.” आणि गालातल्या गालात हसल्या, वर्गात पोराची चोरी पकडल्यावर हसत असतील तशा.

“मरणाच्या गोष्टी पुरे. शोरबा पी, निवतोय,” सालोमत जरा रागानंच म्हणाली. तो शोरबाही रोहतबाईंनी निम्मा ठेवला.

त्या आठवड्यातच गेल्या. सकाळी मोहिरा भिंतीवरून ओरडली नाही, दारात येऊन उभी राहिली. सालोमत तिच्या तोंडाकडे पाहूनच उठली. हात त्या दिवसांत बऱ्यापैकी भरलेले होते. आधी तेच मनात आलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

खोलीत पडदा बांधला होता, फळी मांडली होती, पाणी तापत होतं. मोहिरानं गाठोडं आणून सोडलं. कफन, रुमाल, हिरवी ओढणी. आणि वर, पांढऱ्या घंटांच्या फुलांची वडी.

सालोमत ती वडी बघत राहिली. म्हणजे रोहतला कळलंच नव्हतं. कसं कळणार, आपणच सांगितलं नाही. शेडमधल्या पोत्यातले साबण इथं चालत नव्हते, घरातला तपकिरी चालत नव्हता, आणि मेलेल्या बाईनं वर्षानुवर्षं जपलेली वस्तू बाजूला सारून ‘दुसरं काही आणा’ म्हणायला तर तोंडच नव्हतं. गाठोड्यात जे असतं ती मेलेल्याची इच्छा. कापडी पिशव्या होत्या. जिथं रिवाजानं लावायच्या तिथं तिनं लावल्या. बाकी सगळं नुसत्या हातांनी. शब्द दिला होता.

इतक्या वर्षांनीही वडीला फेस आला. वास तर असा पसरला की पडद्याबाहेर रडणाऱ्या बायका क्षणभर थांबल्या. “नशीबवान बाई,” कुणीतरी म्हणालं, “काय सुगंध आहे.” सालोमतनं तिचे केस धुतले, कपाळ धुतलं, खडूनं झिजलेली बोटं एकेक करून धुतली. बेचक्यात मुंग्या आल्या, मग आग सुरू झाली, मग मनगटं लाल झाली. मोहिरा पाणी ओतत होती.

“खाला, तुमचे हात...”

“पाणी कढत आहे. ओत तू.”

“गार घालू का?”

“नको. तिला गार पाणी सोसायचं नाही.”

घाई करावी असं तिच्या मनात एकदाही आलं नाही. शेवटचं कापराचं पाणी झालं, कफन झालं, पुरुष येऊन घेऊन गेले. अंगण रिकामं झालं. सालोमत तख्ताच्या टोकाला बसली. बोटं सुजून एकमेकांना चिकटल्यासारखी झाली होती.

मोहिरा फडक्यात बांधलेलं सामान घेऊन आली आणि रिवाजाप्रमाणे तिच्या पुढ्यात ठेवून खाली बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, “यात एक तपकिरी साबण पण आहे, खाला. कोरा आहे. तुमच्या ओढणीत गुंडाळलेला होता. कपडे धुवायला होईल तुम्हाला.”

“कपड्यांचा साबण? ओढणीत?”

“काय सांगू. वसंतात गाठोडं उन्हात घातलं ना, त्यानंतर एक दिवस आई काठी टेकत एकट्याच बाजारात गेल्या. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाल्या. भिंग घेऊन गेल्या होत्या. तो फुलांचा साबण त्यांनी मला दिला, म्हणाल्या, तूच वापर, तरुण आहेस. आणि त्याच्या जागी हा ठेवला.” मोहिरानं नाक पुसलं. “आजारपणात माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही हो. फरशी पुसायच्या साबणानं मी माझ्या सासूला पाठवू? लोकांनी काय म्हटलं असतं? मी तो फुलांचा वापरला नव्हता, खाला, जपून ठेवला होता. आज सकाळी परत गाठोड्यात घातला. बरं केलं ना?”

बाजार दोन गल्ल्या पलीकडे. सुजलेले पाय, काठी, आणि दुकानदारापुढं भिंग धरून एकेक वेष्टन वाचणारी ती म्हातारी. या पोरीला खरं सांगितलं तर ती जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. सांगून हात तर परत मिळायचे नव्हते.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “तिला फार आवडायचा तो.”

मोहिराला हुंदका फुटला. सालोमतनं फडक्याची गाठ पकडायला बोटं पुढं केली, पण ती मिटेनात. तिनं दोनदा प्रयत्न केला. शेवटी मोहिरानं गाठोडं उचललं, जरा घुटमळली, आणि सालोमतच्या कोपराला अडकवून दिलं, हाताला हात न लागेल असं.

घरी येऊन तिनं लांदिशचं उरलेलं शेडमधल्या पोत्यात टाकलं. तपकिरी साबण मात्र ओढणीतून सोडवून पुढ्यात घेऊन बसली. त्याला चरबीचा वास येत होता. तिला रडू आलं तेव्हा डोळे पुसायलाही हात चालेनात, आसवांचा खार बोटांना झोंबत होता, म्हणून तिनं ते तसेच वाहू दिले.

त्यानंतर सालोमतनं कुणाला न्हाऊ घातलं नाही. बोटं निम्मीच मिटतात. मोहल्ल्यात आता खालची बाई येते, रबराचे मोजे घालून, आणि कुणी काही म्हणत नाही. दुपारी सालोमत चहा करते, नान दातांनी तोडून खाते.

तिच्या स्वतःच्या गाठोड्यात सगळं होतं, साबण तेवढा नव्हता. इतके साबण घरात, पण एकही गाठोड्यात ठेवण्याजोगा नव्हता, सगळे दुसऱ्यांना लागलेले. या वसंतात तिनं गाठोडं उन्हात घातलं आणि रोहतबाईंनी भिंग लावून निवडलेला तो कोरा तपकिरी साबण कफनाच्या घडीवर ठेवला. ठेवताना तिला पक्कं माहीत होतं, की तिच्या दिवशी कुणीतरी भली बाई गाठोडं सोडेल, फरशीचा साबण बघून तिला वाईट वाटेल, आणि तो काढून ती चांगला वासाचा ठेवेल. तरी तिनं ठेवला, आणि कोपरानं दाबून संदुकीचं झाकण लावलं.